एडिटर वापरायला सोपा आहे का? पाच माणसं, एक टेबल आणि गप्प बसायची तयारी

गेल्या वर्षी आमच्या गावच्या उत्सव समितीची स्मरणिका कुठल्या प्रोग्रामात काढायची, हे मी एकट्यानेच ठरवलं. इंटरनेटवर वैशिष्ट्यांच्या याद्या वाचल्या, दोन व्हिडिओ बघितले आणि ज्याची यादी सगळ्यात लांब तो निवडला. चौघांनी वाटून घेतलेलं काम चवथीच्या आठ दिवस आधी माझ्या एकट्याच्या गळ्यात आलं. बाकी तिघांचं म्हणणं एकच: “तूच कर रे, आम्हाला ते जमेना.”

यंदा निवडायच्या आधी चाचणी घेतली. फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयाच्या खोलीत, दोन रविवार. त्यात जे शिकलो ते इथे मांडतो. वाचनालय, नाट्यमंडळ, शाळेचं वार्षिक, गावची समिती, कुणालाही कामाला येईल.

दृश्य एडिटर म्हणजे ज्यात कागद पडद्यावरच दिसतो: ठळक केलं की ठळक दिसतं, चित्र टाकलं की पानावर बसतं. ही कल्पना झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात १९७४ साली तयार झालेल्या ब्राव्हो या प्रोग्रामपासूनची. आज घरोघरी चालणारे एडिटर बहुतेक त्याच घराण्यातले. आम्ही लिब्रेऑफिस रायटर आणि लिक्स असे दोन समोरासमोर ठेवले. लिक्स वेगळ्या घराण्यातला आहे. माथियास एट्रिख यांनी तो १९९५ मध्ये सुरू केला. पोटात लेटेक ही पानं जुळवणारी यंत्रणा चालते. तुम्ही फक्त ‘हे शीर्षक, हा परिच्छेद’ एवढं सांगायचं, पान कसं दिसेल ते तो बघतो. दोन्ही फुकट मिळतात. तुम्ही दुसरे कुठले घेतलेत तरी पद्धत हीच.

१. आधी ‘कोणासाठी सोपा’ हे लिहा

‘हा प्रोग्राम सोपा आहे का’ या प्रश्नाला उत्तर नाही. आयएसओ ९२४१ या मानकाच्या ११व्या भागात वापरसुलभतेची व्याख्या आहे, तीही ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच केलेली. मग बघायच्या गोष्टी तीन: काम पूर्ण झालं का, त्याला किती वेळ आणि श्रम लागले, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का.

एका कागदावर आम्ही असं लिहिलं होतं:

– माणसं: निवृत्त शिक्षिका, वाचनालयाचा लिपिक, कॉलेजात जाणारी दोन मुलं, समितीचा खजिनदार.
– काम: ऐंशी पानांची स्मरणिका. लेख, देणगीदारांची यादी, जाहिराती, अनुक्रमणिका.
– परिस्थिती: वाचनालयाचा जुना संगणक, पावसाळा, लाईट कधीही जाणार, छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये.

हा कागद भिंतीला लावा. पुढे वाद होतात तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवता येतं.

२. जमवाजमव

– ज्या संगणकावर खरं काम होणार तोच संगणक. तुमचा नवा लॅपटॉप नको, त्यावर सगळंच गुळगुळीत चालतं.
– पडदा आणि आवाज रेकॉर्ड करायची सोय. ओबीएस हा त्यासाठीचा प्रोग्राम फुकट आहे. चेहऱ्याचं चित्रण नको, माणसं आखडतात.
– कामांच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एकच काम.
– नोंदवही आणि घड्याळ.
– गेल्या वर्षीचा खरा मजकूर: व्हॉट्सॲपवर आलेले दोन लेख, देणगीदारांची यादी, तीन फोटो.
– एक पानी संमतीपत्र. त्यात पहिलं वाक्य ठळक अक्षरात: परीक्षा प्रोग्रामची आहे, तुमची नाही.
– चहा आणि भजी. पण चाचणीनंतर, आधी नको. कारण आठव्या पायरीत येईल.

देवनागरीसाठीची मांडामांड तुम्ही आधी करून ठेवायची. लिक्समध्ये फाँटच्या सेटिंगमध्ये संगणकातले नेहमीचे फाँट वापरायला सांगावं लागतं, आणि पीडीएफ झीटेक किंवा लुआटेक या लेटेकच्याच घराण्यातल्या प्रोग्रामांमार्फत काढावी लागते. मला यात अख्खी संध्याकाळ गेली, आणि ती संध्याकाळही मी नोंदवहीत लिहिली. तुम्ही गावात नसाल त्या दिवशी हे कोण करणार, हा प्रश्न चाचणीचाच भाग आहे.

३. कामांच्या चिठ्ठ्या

पहिल्यांदा मी लिहिलं होतं, ‘फूटरमध्ये पेज नंबर इन्सर्ट करा’. ही चिठ्ठी फुकट गेली. फूटर, इन्सर्ट हे शब्द मेनूतच आहेत, माणूस शब्द जुळवतो आणि काम होतं. चाचणी झाली ती वाचता येतं का याची. नंतर असं लिहिलं: ‘प्रत्येक पानाच्या खाली पानाचा आकडा हवा. मुखपृष्ठावर मात्र नको.’ पहिली चिठ्ठी दोन मिनिटांत सुटली होती, दुसरीला एकाला चौदा मिनिटं लागली.

आमच्या चिठ्ठ्या सहा होत्या:

पहिली, व्हॉट्सॲपवरून आलेला लेख आणून नीट बसवा. गावची माणसं लेख असेच पाठवतात: दर ओळीला एंटर, ठळकसाठी चांदण्या, शेवटी हात जोडल्याचं चित्र. हे साफ करण्यातच निम्मी स्मरणिका जाते.

दुसरी, लेखाचं शीर्षक मोठं आणि मधोमध.

तिसरी, पानांचे आकडे, वर सांगितले तसे.

चौथी, अनुक्रमणिका.

पाचवी सगळ्यात महत्त्वाची: ‘अध्यक्षांचं मनोगत आत्ता आलं. ते पान तीनवर घाला आणि अनुक्रमणिका बरोबर करा.’ जाहिरात आणि मनोगत शेवटच्या रात्रीच येतं, हे स्मरणिका काढलेल्या कुणालाही सांगायला नको. नव्याने करणं सगळ्यांना जमतं. केलेलं मोडून परत जुळवणं किती जड जातं, तिथे प्रोग्राम कळतो.

सहावी, देणगीदारांच्या यादीत सगळे वकील शोधा.

या सहाव्या चिठ्ठीकडे जरा थांबून बघा. यादीत पाच ठिकाणी ‘ॲड.’ होतं. शोधल्यावर तीनच सापडले. पडद्यावर पाचही सारखेच दिसत होते. कारण असं की ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी वापरायच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधीपासूनची सवय असलेली माणसं आणि काही कीबोर्ड आजही ‘अ’ला वर चंद्र देऊन तेच अक्षर काढतात. डोळ्याला एक, संगणकाला दोन. ‘किनाऱ्यावर’मधल्या त्या अर्ध्या र चंही तसंच, तोही दोन तऱ्हांनी टाइप होतो. म्हणून चाचणीच्या मजकुरात हे शब्द हवेतच. ‘आई बाबा घर कमळ’ लिहून चाचणी घेतली तर कुठलाही एडिटर पास होईल.

मराठी वळणाचा ल आणि श सुद्धा तपासा. फाँटात तशी सोय असेल आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ लावलेली असेल तरच ते वळण येतं, नाहीतर हिंदी वळण दिसतं. आमच्या बाईंनी ते पहिल्याच ओळीत पकडलं. माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

सावधान: जुन्या स्मरणिकेच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फाँटात असतील, तर त्या चाचणीला घेऊ नका. नव्या एडिटरात त्या रोमन अक्षरांचा कचरा होऊन उतरतात, आणि माणसं त्याचा दोष एडिटरला देतात. ते रूपांतर आधी, वेगळं करून घ्या.

४. माणसं किती आणि कोण

पाच पुरतात. जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉअर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये जे गणित मांडलं त्यात एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो. पाचव्या माणसापर्यंत साधारण ८५ टक्के समोर येतात. पुढच्यांकडून बहुतेक तेच तेच ऐकू येतं. अर्थात ही सरासरी आहे, आणि पाचही जण एकाच प्रकारचे वापरणारे असले तरच खरी. आमच्यात वयाचा फरक मोठा होता, पण काम सगळ्यांना तेच करायचं होतं, म्हणून चालवून घेतलं.

डीटीपी करणाऱ्याला घेऊ नका. तो कुठल्याही प्रोग्रामात रस्ता काढतो आणि वर तुम्हाला शिकवून जातो. समितीच्या अध्यक्षांनाही नको. त्यांना कुणी अडलेलं बघू देत नाही.

दोन प्रोग्राम असतील तर क्रम फिरवा. तिघांनी आधी रायटर, दोघांनी आधी लिक्स. नाहीतर दुसऱ्या प्रोग्रामाला पहिल्यावर झालेल्या सरावाचा फायदा मिळतो, किंवा पहिल्यावर आलेल्या कंटाळ्याचा तोटा.

५. रंगीत तालीम

एकदा घरच्या कुणावर तरी करून बघा. मी बहिणीवर केली. चिठ्ठी क्रमांक चार क्रमांक दोनच्या आधी ठेवली होती हे तिने दाखवलं. एवढंच.

६. बसवा, आणि गप्प बसा

सगळी चाचणी इथे जिंकते किंवा बुडते.

माणसाला सांगा: मनात जे चाललंय ते मोठ्याने बोलत राहा. काय शोधताय, काय होईल असं वाटलं होतं, काय झालं. आपल्याकडे एक गंमत आहे, ती धरून चला. आमची माणसं स्मरणिका मराठीत लिहितात, मेनू इंग्रजीत वाचतात आणि पुटपुटतात कोकणीत. मी आधी ‘मराठीत बोला’ म्हटलं आणि दोघं जण एकदम गप्पच झाले. मग सांगितलं, जे तोंडात येईल ते बोला. तेव्हा खरी माहिती सुरू झाली. “खंय गेलें?” (कुठे गेलं?) हे दोन शब्द माझ्या नोंदवहीत अकरा वेळा आहेत, आणि प्रत्येक वेळी काहीतरी पडद्यावरून न सांगता नाहीसं झालेलं आहे.

आता बाईंचा प्रसंग. मराठी शाळेत आयुष्य गेलेलं, टायपिंग नेटकं. लिक्समध्ये दुसरी चिठ्ठी, शीर्षक मधोमध. बाईंनी ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेला आणि नेहमीच्या सवयीने स्पेसबार दाबला. अक्षर हललं नाही. परत दाबला. मग दाबूनच धरला. “आगो, ही स्पेस मेली की काय?” मग कीबोर्ड उचलून उलटा करून झटकला.

स्पेस मेली नव्हती. लिक्स परिच्छेदाच्या सुरुवातीला स्पेस घेत नाही, आणि दोन शब्दांमध्ये लागोपाठ दोन स्पेसही घेत नाही. हे मुद्दाम ठरवलेलं आहे, कारण जागा सोडणं हे माणसाचं काम नाही असं त्याचं तत्त्व. तसं तो सांगतोही: खिडकीच्या अगदी तळाच्या पट्टीत, बारीक इंग्रजी अक्षरात. बाईंची नजर शीर्षकावर होती. पट्टीकडे एकदाही गेली नाही.

आणि इथे मी चुकलो. बाईंची ती घालमेल बघवेना. मी म्हटलं, “बाई, वर डावीकडे बघा ना, तिथे यादी आहे.” बाईंनी बघितलं, ‘शीर्षक’ निवडलं, झालं. काम पूर्ण, वेळ साडेतीन मिनिटं. पण तो आकडा आता माझा होता, बाईंचा नव्हता. त्यांना ती यादी स्वतःहून कधी दिसली असती, की दिसलीच नसती, हे मला आता कायमचं कळणार नाही. नोंदवहीत ती ओळ खोडून ‘मदत केली’ असं लिहिलं.

तेव्हापासून नियम केला. विचारलं तर तीनच वाक्यं बोलायची: “तुम्हाला काय वाटतं?”, “घरी एकट्या असता तर काय केलं असतं?”, आणि “सोडून पुढे जायचं का?” हात मांडीखाली घेऊन बसा. मी खरंच बसलो.

आणखी एक सापळा: मान डोलावणं. बरोबर मेनूवर माउस गेला की आपली मान आपोआप हलते, आणि समोरचा आपल्या मानेकडे बघून काम करायला लागतो. त्यांच्या मागे, तिरक्या कोनात बसा.

लिब्रेऑफिस रायटरवरही असंच एक ठिकाण सापडलं. स्टाईलच्या (शीर्षक, मजकूर यांचं रूप एकदाच ठरवून ठेवायच्या) खिडकीत रोमन लिपीसाठी आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी फाँटचे रकाने वेगवेगळे असतात. दोन लिप्या एका ओळीत वापरणाऱ्याला ती सोयच आहे. पण खजिनदारांनी पहिल्या रकान्यात आकार १२चा १६ केला, ठीक केलं, आणि मजकूर तसाच. परत केला, २०. परत तसाच. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “ह्याला मराठी येत नाही.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं. त्यापेक्षा चांगलं निदान मला करता आलं नसतं.

७. नोंद कशी करायची

वेळ, काय केलं, काय म्हणाले. एवढंच, शेरे नकोत. ‘गोंधळल्या’ असं लिहू नका. ‘स्पेस सात वेळा, कीबोर्ड उलटा’ असं लिहा. गोंधळल्या हा तुमचा निष्कर्ष झाला, आणि आठवड्याने तो तुम्हालाच पटेनासा होतो.

प्रत्येक चिठ्ठीपुढे तीनपैकी एक: स्वतः केलं, मदतीने केलं, सोडलं. मग अडचणींची यादी करून प्रत्येकीला ० ते ४ गुण द्या. नील्सनचीच मोजपट्टी आहे: ० म्हणजे अडचणच नाही, १ नुसती दिसण्यातली, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे ही राहिली तर काम होणारच नाही. दोघांनी वेगवेगळे गुण द्या आणि मग बसून जुळवा. आमचं ‘शोधल्यावर तीनच वकील सापडले’ यावरून भांडण झालं. मी १ दिला होता. खजिनदारांनी ४ दिला, कारण देणगीदाराचं नाव सुटलं तर गावात तोंड त्यांना दाखवायचं असतं. ४ राहिला.

एक चाचणी चिठ्ठीवर लिहू नका, ती अचानक करा: मधेच संगणकाचं बटण बंद करा. पावसाळ्यात आपल्याकडे ती वेळ येतेच. रायटरमध्ये आपोआप जतन व्हायची वेळ ठरवता येते, मुळात ती १० मिनिटांची असते. बघायचं हे की परत चालू केल्यावर फाइल परत मिळवण्याची खिडकी येते तेव्हा माणूस काय दाबतो. आमच्या लिपिकाने घाबरून ‘रद्द’ दाबलं. मी हे करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवली होती. तुम्हीही ठेवा, नाहीतर सकाळचं सगळं जाईल आणि तुमचे पाचचे चार होतील.

८. दहा प्रश्नांचा कागद

शेवटी प्रत्येकाला दहा विधानांचा एक कागद द्या. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली, सिस्टिम युजेबिलिटी स्केल म्हणतात. प्रत्येक विधानाला १ (मुळीच पटत नाही) ते ५ (पूर्ण पटतं) असा आकडा. एक विधान चांगलं, पुढचं वाईट, असं आलटून पालटून.

मराठी करताना साधं ठेवा. ‘हा प्रोग्राम मला उगाच किचकट वाटला’ हे चालतं. ‘प्रणालीत अनावश्यक गुंतागुंत आढळली’ असं लिहिलं तर सगळे ३ लिहून मोकळे होतात.

हिशेब: विषम क्रमांकाच्या विधानांत उत्तरातून १ वजा करा. सम क्रमांकांत ५ मधून उत्तर वजा करा. सगळ्यांची बेरीज गुणिले २.५. समजा उत्तरं आली ४, २, ४, ३, ४, २, ३, २, ४, ३. विषमांचे ३, ३, ३, २, ३ म्हणजे १४. समांचे ३, २, ३, ३, २ म्हणजे १३. एकूण २७, गुणिले २.५, म्हणजे ६७.५. हे टक्के नव्हेत. वेगवेगळ्या प्रोग्रामांवरच्या चाचण्यांची सरासरी ६८ च्या आसपास धरतात, तेव्हा हा आकडा मधलाच झाला.

पाच माणसांच्या सरासरीवर पैज लावू नका. आणि चहा-भजी या कागदानंतरच द्या. आमच्या पहिल्या रविवारी आधी खाणं झालं आणि नंतर कागद भरले; एकाने दहाच्या दहा विधानांना ५ दिले, वाईट विधानांनाही. “तू एवढं केलंस, मन कसं मोडू?” त्याचा हिशेब बरोबर ५० येतो.

कागदापेक्षा मी त्यानंतरच्या एका प्रश्नावर जास्त विसंबतो: “उद्या मी गावात नसलो तर कुठल्यावर बसाल?”

९. आठवड्याने परत बोलवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पहिल्या दिवशी सोपं वाटणं आणि चौथ्या दिवशी काम उरकणं वेगळं. सगळे नाही आले तरी दोघांना तरी बोलवा आणि तीच पाचवी चिठ्ठी परत द्या, मनोगत मध्ये घालायची.

पहिल्या रविवारी रायटर पुढे होता, कारण ओळखीचा. बाईंनी त्यात अनुक्रमणिका सुरेख केली होती: हाताने, टिंबं मारत मारत. दुसऱ्या रविवारी मनोगत मध्ये आलं आणि पुढचे सगळे आकडे दोन-दोन पानांनी चुकले. बाई एकेक आकडा खोडून लिहीत बसल्या, बावीस मिनिटं. लिक्समध्ये कॉलेजच्या मुलीने लेख घातला, पीडीएफ परत काढली, अनुक्रमणिका आपोआप बरोबर. तिला चार मिनिटंही लागली नाहीत. पण जाहिराती पानावर हव्या तिथे बसवताना तिचाच अर्धा तास गेला आणि शेवटी तिने ते सोडून दिलं.

मग ठरलं ते असं: रायटरच घ्यायचा, पण कोरं पान कुणालाही द्यायचं नाही. शीर्षक, उपशीर्षक, मजकूर यांच्या स्टाईल देवनागरीच्या रकान्यासकट आधीच लावलेला टेम्प्लेट, आणि अनुक्रमणिका त्या स्टाईलवरून आपोआप होणारी. टेम्प्लेट बनवायचं काम त्या मुलीकडे दिलंय. तो तयार झाला की परत पाच माणसं, परत त्याच चिठ्ठ्या. बाईंनी येईन म्हटलंय, पण या वेळी भजी आधी हवीत असं बजावून ठेवलंय.